मान कोणी खाली घालावयाची?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडण्याचे दिवस आले की शहरातील मध्यमवर्गीय घरांत एक ठराविक लगबग सुरू होते. वह्यांना कव्हरे चढतात, गणवेशाची लांबी मापली जाते, दप्तर, रेनकोट, डबा यांची यादी होते आणि शिकवणीचे वेळापत्रक आईबापांच्या दिनक्रमाहूनही काटेकोरपणे आखले जाते. हा वर्ग मुलांची काळजी वाहत नाही, असे त्याच्या शत्रूलाही म्हणता यावयाचे नाही. परंतु या साऱ्या तयारीत एका वस्तूचा विचार राहून जातो. ती वस्तू मुलाच्या खिशात, नाहीतर उशाखाली असते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच ती मुलांच्या हाती दिली. कारण त्या दिवसांत तोच वर्ग होता, तोच फळा होता आणि तोच मास्तर होता. पुढे शाळा उघडल्या, बाके भरली, पण मोबाईल मुलांच्या हातून परत आला नाही. तो परत यावा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, त्या यंत्राच्या वाटेने आपल्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत जे अभद्र येऊन पोचते, त्याविषयी घरात आणि शाळेत जी अळीमिळी गुपचिळी चालली आहे, ती आता पुरे झाली.

काय येऊन पोचते, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. कोणा अनोळखी माणसाने पाठविलेले किळसवाणे चित्र सकाळी पहिल्या तासाआधी मुलीच्या दृष्टीस पडते. वर्गाच्या गटात एखाद्या मुलीच्या अंगावरून शेरे मारले जातात आणि पन्नासजण ते वाचून हसतात. कोणावर तरी विश्वास टाकून पाठविलेले छायाचित्र मैत्री तुटताच गावभर फिरविले जाते. स्नेहसंमेलनातील साध्या फोटोवरचा चेहरा उचलून तो यंत्राकरवी दुसऱ्याच विवस्त्र देहावर बसविला जातो. ज्या मुलीने आयुष्यात काहीच पाठविले नाही, तिचीही यातून सुटका नाही. मुलगे यातून सुटले आहेत असेही कोणी समजू नये. मुलीचे नाव आणि मुलीचा फोटो लावून कोणी भामटा पंधरा वर्षांच्या मुलाशी गोड बोलतो, त्याच्याकडून एक छायाचित्र काढून घेतो आणि दुसऱ्या मिनिटाला पैसे मागू लागतो. न दिल्यास ते चित्र आईला, बहिणीला, मास्तरांना पाठविण्याची धमकी देतो. रस्त्यावरच्या टवाळाचा त्रास निदान घराच्या उंबरठ्यापाशी थांबत असे. हा त्रास उंबरठा ओलांडून अंथरुणापर्यंत येतो. शिवाय रस्त्यावर उच्चारलेला शब्द हवेत विरून जाई. हे चित्र विरत नाही, शिळे होत नाही, आणि ते कोणाकोणापाशी आहे, हे ज्याचे आहे त्याला कधीच कळत नाही.

यावर मुले काय करतात? बहुतेक मुले काहीच करीत नाहीत, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. खरे पाहता ती पुष्कळ काही करतात; फक्त ते आपल्याला दिसेल अशा रीतीने करीत नाहीत. ती त्या माणसाला ब्लॉक करतात, खाते बंद करतात, नवे उघडतात. एखाद्या मैत्रिणीला सांगतात आणि तिच्याकडून शपथ घेतात. ‘त्यात काय एवढं’ म्हणून हसण्यावारी नेतात, कारण हसले नाही तर आपणच हास्यास्पद ठरू अशी त्यांना धास्ती असते. कोणी शाळेला जाताना पोट दुखते म्हणते, कोणाची झोप उडते, कोणाचे गुण घसरतात, कोणी नाटकातले काम सोडते, कोणी फोटो काढून घेणेच बंद करते. आईबाप या प्रत्येक गोष्टीचे निराळे कारण शोधतात: वय, अभ्यास, आळस, नजर. ऑफस्टेड या इंग्लंडमधील शाळा-तपासणी संस्थेने २०२१ मध्ये ३२ शाळा-महाविद्यालयांत जाऊन, ९०० हून अधिक मुलामुलींशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. नको असलेली अश्लील चित्रे पाठविली जाण्याचा प्रकार आपल्या किंवा बरोबरीच्यांच्या बाबतीत पुष्कळदा वा अधूनमधून घडतो, असे सुमारे ९० टक्के मुलींनी आणि सुमारे ५० टक्के मुलग्यांनी सांगितले. हे इतके नित्याचे झाले आहे की सांगण्यात काही अर्थ उरला नाही, असे पुष्कळ मुलांना वाटत होते. ते आकडे परक्या देशाचे आहेत खरे. परंतु ज्या यंत्रावर आणि ज्या पडद्यावर हे प्रकार घडतात, ते यंत्र व तो पडदा तिकडचा आणि इकडचा निराळा नाही. आणि शरमेच्या बाबतीत आपला समाज इंग्रजांच्या मागे आहे, असे तर कोणीच म्हणणार नाही.

ही शरम कोठवर नेते, हे कॅनडातील अमांडा टॉड या मुलीच्या कहाणीवरून जगाला कळले. पडद्यापलीकडच्या एका माणसाने तिचे एक छायाचित्र टिपून घेतले आणि त्याच्या बळावर तिचा पिच्छा पुरविला. तिने शाळा बदलली की नव्या शाळेतील मुलांपर्यंतही ते चित्र पोचे. ती मुले त्या माणसाला ओळखत नव्हती. तरीही त्याचे उरलेले काम त्यांनी टोमण्यांनी, हेटाळणीने आणि बहिष्काराने पुरे केले. सप्टेंबर २०१२ मध्ये तिने आपली हकीकत कागदाच्या तुकड्यांवर लिहून, ते एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरून जगाला सांगितली. पुढच्याच महिन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने आपले जीवन संपविले. तिला छळणारा माणूस नेदरलँड्सचा रहिवासी होता. तो दोषी ठरून त्याला शिक्षा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. आम्ही ही कहाणी आईबापांना भिवविण्यासाठी सांगत नाही. अशा छळातून बहुसंख्य मुले बाहेर पडतात, सावरतात, पुढे चांगली जगतात. परंतु ती सावरतात ती, कोणीतरी वेळेवर त्यांच्या बाजूने उभे राहते म्हणून. आणि कोणी उभे राहावयाचे, तर आधी कोणाला तरी कळावे लागते.

मग ही मुले सांगत का नाहीत? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही; ते आपापल्या घरातच सापडेल. मूल धीर करून आईपाशी येते आणि अडखळत सांगू लागते. त्या क्षणी आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? ‘तू त्याला फोटो दिलासच कशाला?’ दुसरे, ‘तरी मी सांगत होते!’ तिसरे, ‘आण तो मोबाईल इकडे.’ आणि चौथे, आवाज खाली करून, ‘हे बाबांना कळलं तर?’ ही वाक्ये दुष्टपणाने उच्चारली जात नाहीत. भीतीने उच्चारली जातात, हे आम्ही जाणून आहोत. तथापि त्यांचा परिणाम काय होतो? गुन्हा करणारा बाजूला राहतो आणि चौकशी जखमीची सुरू होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बरे, ज्या मैत्रिणींचा आधार होता, त्यांच्याशी बोलण्याचे साधनच काढून घेतल्याने ते मूल आणखी एकाकी होते. पुढच्या वेळी ते सांगत नाही. आणि त्याची अवस्था पाहून धाकटे भावंडही सांगत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

आमच्या मते या प्रश्नाची सारी गोम येथेच आहे. धमकी देणाऱ्याजवळ खरोखर शस्त्र ते कोणते? त्याच्याजवळ एक चित्र आहे. पण चित्र म्हणजे शस्त्र नव्हे. ‘हे तुझ्या घरी कळले तर घरचे काय म्हणतील’ ही भीती म्हणजे त्याचे शस्त्र, आणि ते त्याला आपण पुरवितो. आईबाप काय म्हणणार, हे त्याला मुलाइतकेच ठाऊक असते. त्या अंदाजावरच त्याचा धंदा उभा आहे. ज्या घरात मूल निर्धास्तपणे सांगू शकते, त्या घरातील मुलापाशी त्याच्या धमकीची किंमत कवडीचीही उरत नाही.

अत्याचार झालेल्यालाच प्रश्न विचारण्याची ही खोड आपल्याला नवी नाही. विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, अशा कारणांचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडून दिले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलणे भाग पडले. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे शिकण्यासाठी या देशाला एवढी किंमत मोजावी लागली. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा त्या काळचा प्रश्न होता. ‘तू पाठविलासच कशाला?’ हा आजचा आहे. प्रश्नाचे शब्द बदलले. बोट मात्र अजून त्याच दिशेला आहे.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुष्कळ पुढे गेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पॉक्सो या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, लैंगिक हेतूने तिचा वा त्याचा इलेक्ट्रॉनिक साधनांनी वारंवार पाठलाग करणे, अश्लील चित्रे दाखविणे, खऱ्या किंवा बनावट चित्राची धमकी देणे, हे सारे त्या कायद्याने लैंगिक छळ ठरविले असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ‘बनावट’ हा शब्द त्यात पहिल्यापासून आहे, हे चेहरे चिकटविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. त्याची ओळख वृत्तपत्रांनी फोडू नये, असेही त्यात स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे याखेरीज आहेत. अशी चित्रे तक्रार येताच उतरविण्यासाठी समाजमाध्यमांच्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी दिलेली मुदत तासांत मोजली जाते, दिवसांत नव्हे. १९३० आणि १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत; स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न सांगताही करता येते. चित्र कोणालाही न दाखविता त्याची केवळ सांकेतिक खूण कंपन्यांकडे देऊन ते रोखण्याची ‘टेक इट डाऊन’ नावाची विनामूल्य सोय एका अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये सुरू केली आहे.

कायदा निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सोळा वर्षांच्या दोघांनी एकमेकांवरील विश्वासापोटी केलेली देवघेवही त्याच्या अक्षरांत बसविता येते. त्यामुळे तक्रार करणाऱ्या मुलीलाच ‘तूही गुन्हेगार ठरशील’ असा धाक घालता येतो. स्वतःच्या चित्रापायी नाडले गेलेले मूल कधीही आरोपी होणार नाही, अशी निःसंदिग्ध तरतूद संसदेने केली पाहिजे. दुसरे असे की, कागदावरची कलमे ठाण्यातल्या टेबलापाशी पोचेपर्यंत पुष्कळदा दमून जातात. ‘मुलीच्या नावाचा विचार करा, प्रकरण मिटवा’ हा सल्ला पित्याला जेथे मिळतो, तेथे उत्तम कायदाही पांगळा ठरतो. मुलाच्या लैंगिक छळाची खबर दडपणे हाच पॉक्सोप्रमाणे गुन्हा आहे, हे शाळांच्या चालकांना माहीत नाही असे नव्हे. परंतु संस्थेची अब्रू ही झाकली मूठ सव्वा लाखाची, अशा हिशेबाने ते चालतात. ज्या शाळेची अब्रू एका मुलीच्या मुकाट राहण्यावर टिकून आहे, तिची मूठ कधीच रिकामी झाली आहे.

यावर साधा उपाय म्हणून मुलांना समाजमाध्यमांची बंदीच करावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद करण्याचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आणला. हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. कंपन्यांना वयाची जबाबदारी घ्यावयास लावणे योग्यच आहे. तथापि बंदीने एक प्रश्न सुटेल, तर दुसरा उभा राहील. बंदी मोडून गेलेल्या मुलाला तेथे कोणी गाठले, तर ते घरी येऊन कसे सांगणार? त्याच्या शरमेत अपराधाची भर पडली असेल. म्हणजे कुंपण घालायचे असेल तर जरूर घालावे. पण कुंपणावरून उडी मारून जखमी झालेल्या मुलालाही घराचे दार उघडे राहील, याची हमी आधी द्यावी.

आणि कुंपण कोणासाठी घालावयाचे, हाही प्रश्न आहे. कारण प्रत्येक वेळी पलीकडे परका भामटाच असतो असे नाही. मे २०२० मध्ये दिल्लीत ‘बॉईज लॉकर रूम’ नावाचा इंस्टाग्रामवरचा गट उघडकीस आला. त्यात शाळकरी मुले ओळखीच्या मुलींचे फोटो टाकून त्यांच्याविषयी हिडीस बोलत होती. स्पेनमधील अल्मेंद्रालेखो या गावी २०२३ मध्ये शाळकरी मुलींची यंत्राने बनविलेली नग्न चित्रे गावभर फिरली. पुढील वर्षी त्याबद्दल दोषी ठरलेली पंधराच्या पंधरा मुले अल्पवयीन होती. न्यायालयाने त्यांना वर्षभर देखरेखीखाली ठेवले आणि स्त्री-पुरुष समतेचे व यंत्राच्या जबाबदार वापराचे शिक्षण घेण्यास लावले. ही मुले चांगल्या घरांतली होती, असे अशा वेळी आश्चर्याने सांगण्यात येते. त्यात आश्चर्य ते कसले? ‘माझी मुलगी सुरक्षित आहे ना?’ हा प्रश्न आपल्या घरांत रोज विचारला जातो. ‘माझा मुलगा त्याच्या मित्रांच्या गटात काय पाठवितो, आणि दुसऱ्याने पाठविले तर हसतो की थांबवितो?’ हा प्रश्न किती घरांत विचारला जातो? मुलीला जपून वागावयास शिकविणारी आई मुलाला नुसते वागावयासही शिकवीत नसेल, तर तिचे निम्मे कष्ट वाया गेलेच म्हणावयाचे.

मुलांशी या विषयावर बोलावे कसे, हे आपल्याला कळत नाही, ही अडचण खरी आहे. पण तिचे खापर आपण कोणावर फोडणार? याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. देहाविषयी स्वच्छ व शास्त्रीय भाषेत बोलता येते, हे या माणसाने मराठीत दाखवून दिले होते. आणि त्याच महाराष्ट्राच्या सरकारने २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावर बंदी घातली! मुलांनी मग ते शिक्षण मोबाईलकडून घेतले, तर दोष कोणाचा? सप्टेंबर २०२४ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मुलांना योग्य लैंगिक शिक्षण देण्याची निकड बोलून दाखविली आहे. आपली शब्दांची लाज मुलांना महागात पडते आहे, हे निदान आता तरी ओळखावे.

करावयाचे ते फार अवघड नाही. शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक मुख्याध्यापकाने पहिल्या आठवड्यात मुलांना एका शिक्षिकेचे आणि एका शिक्षकाचे नाव सांगावे, ज्यांच्याकडे हे बोलता येईल. आणि बोलल्याबद्दल कोणाला दाखला हाती दिला जाणार नाही, हेही सांगावे. पालकांनी धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, घाबरून संदेश पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि तक्रार मुलाला बरोबर घेऊन, त्याला समजावून करावी. आणि या सर्वांच्या आधी, आजच, काहीही घडलेले नसताना, जेवणाच्या ताटावर मुलांना एवढेच सांगावे: ‘तुझ्या हातून चूक झालेली असली तरी आधी माझ्याकडे ये. मी फोनही काढून घेणार नाही आणि ओरडणारही नाही.’ हे वाक्य आज उच्चारलेले असेल, तरच त्या वाईट दिवशी मुलाला ते आठवेल.

अब्रू ही वस्तू आपण आजवर चुकीच्या तिजोरीत ठेवीत आलो. ती मुलीच्या देहात ठेवली, मुलाच्या मर्दपणात ठेवली, घराच्या बंद दारात आणि शाळेच्या फलकात ठेवली. म्हणून कोणा भामट्याला एका चित्राच्या बळावर ती लुटता येते. छायाचित्र चोरणाऱ्याची, ते पुढे पाठविणाऱ्याची, ते पाहून हसणाऱ्याची आणि कळूनही गप्प बसणाऱ्याची अब्रू गेली पाहिजे. ज्याचे चित्र चोरले गेले, त्याची नव्हे. मान खाली घालावयाची असेल तर ती त्यांनी घालावी. आमच्या मुलामुलींनी मान ताठ ठेवून शाळेची पायरी चढावी, आणि ती चढताना त्यांच्या पाठीशी आपण उभे आहोत, हे त्यांना मागे वळून न पाहताही ठाऊक असावे.